दोनच सीटांची गाडी

गोकुळदास मास्तरांच्या घरात नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसत. भांडण होतं म्हणून नव्हे, रीतच तशी पडली होती. डिचोलीच्या बाजारामागच्या त्या घरात सुमंगलाबाई रांधपघरातून म्हणत, "श्रीनाथा, बाबांक सांग, जेवण वाडलां." आणि चार हातांवर बसलेले मास्तर पेपर खाली न करता म्हणत, "सांग तिका, येता म्हणून." मधे बसून हे टपाल पोचवायचं काम श्रीनाथ बोलायला लागल्यापासून करत आला होता. तीन वर्षं तो कॉलेजसाठी पणजीला राहिला, तेव्हा हे काम मांजराकडे गेलं होतं असं शेजारची विमला सांगायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

आता श्रीनाथ सत्तावीस वर्षांचा होता. शिरगावच्या एका खाणीच्या लॅबमध्ये खनिजाचे नमुने तपासायचा. पेडण्याच्या सिद्धीशी त्याचं लग्न ठरलं होतं आणि साखरपुडा होऊन तीन महिने झाले होते. पण या तीन महिन्यांत दोघांना धड चार वाक्यं एकमेकांशी बोलता आली नव्हती. फिरायला निघालं की सिद्धीचा भाऊ विशाल मागच्या सीटवर हजर. विशालबरोबर एखादी मावशी. एकदा म्हापशाला आइस्क्रीम खायला म्हणून निघाले, तर व्हॅनमध्ये सात माणसं झाली आणि सिद्धी सगळ्यात मागे, मांडीवर कोणाचं तरी पोर घेऊन. आइस्क्रीम विशालने दोन खाल्ली.

त्या दिवशी श्रीनाथने मनाशी ठरवलं, गाडी घ्यायची तर दोन सीटांची. मागची सीटच नाही म्हटल्यावर विशाल काय टपावर बसणार? आणि टपसुद्धा कापडी!

तशी गाडी होती. दहा-बारा वर्षांपूर्वी गोव्यातच बनायची. फायबरची हलकी बॉडी, मागे दुमडणारं कापडी छप्पर, जमिनीला पोट टेकेल इतकी खाली आणि बसायला दोनच माणसं. इंजिन लहान, ऐट मोठी. साध्या नोकरदाराची स्पोर्ट्स कार म्हणा ना. थोड्याच बनल्या, पण एखादी जुनी मिळाली तर श्रीनाथच्या आवाक्यात होती.

दिवाळीत त्याने धीर करून मास्तरांकडे विषय काढला. गोकुळदास मास्तर म्हणजे डिचोलीत गणिताचं दुसरं नाव. पोरांचे केस बोटांनी मोजणारा माणूस. भाषेच्या चळवळीत मराठीसाठी मोर्च्यात पुढे चालले होते, पण रागावायचे ते कोकणीतच, कारण राग काही मोर्चाला विचारून येत नाही.

"दोन सीटांची गाडी?" मास्तरांनी पेपर खाली ठेवला. ही गोष्ट वर्षातून एकदा घडायची. "आनी घरचीं मनशां खंय बसतलीं? बॉनेटार? लोक कितें म्हणटले? मास्तराचो पूत माजला म्हणटले!"

त्यानंतर आठ दिवस ते मुलाशी बोलले नाहीत. घरात आधीच एक जोडी अबोल, त्यात ही दुसरी. टपाल कोणी न्यायचं हाच प्रश्न झाला.

श्रीनाथ हट्टाला पेटला. बाबली मेस्त्रीच्या गॅरेजमध्ये त्याने शब्द टाकून ठेवला होता. फेब्रुवारीत एक दिवस बाबली जॅकखालूनच म्हणाला, "हळर्णाक एक आसा रे. तांबडी. धाकूच्या मांगरात दवरल्या. मालकाचें नांव तो सांगना, मालक आयतारी सकाळीं येता म्हणटा. वच, पळय."

रविवार म्हणजे तर सोन्याहून पिवळं. कारण रविवारी आई-बाबा घरात नसत. मास्तरांचा मूळ देव हळर्णचा आणि त्या देवाचा वार रविवार. गेली अकरा वर्षं पाऊस असो, ऊन असो, दोघं सकाळच्या बसने देवाला जात आणि दुपार टळल्यावर प्रसादाची फुलं नि नारळाची कवड घेऊन परत येत. देवाला जाणाऱ्या माणसाला कोणी काही विचारत नाही. श्रीनाथनेही कधी विचारलं नव्हतं. हळर्णला ते देवळात असणार, आपण मांगरात, गाव काय एवढासा नाही, एवढाच हिशेब त्याने केला. आईला म्हणाला, "मला ड्युटी आहे," आणि त्यांच्या आधी मोटारसायकल काढून निघाला.

धाकू पन्नाशीचा, उघड्या अंगाचा, कमरेला पंचा. त्याचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, नदीच्या अंगाला होतं आणि त्याच्या टोकाला सुपाऱ्या नि गवत ठेवायचा मांगर.

"बाबलीन धाडलेलो मां? ये. मालक नऊच्या बसीन येतत. तवसर बघ गाडी."

त्याने ट्रकची जुनी ताडपत्री ओढली आणि श्रीनाथ बघतच राहिला. तांबडी, जशी मनात होती तशीच. रंग कुठे कुठे फिका झाला होता, पण धुऊनपुसून ठेवलेली. सीटांना घरी शिवलेले कॉटनचे अभ्रे. आरशाला वाळलेल्या मोगऱ्याचा गजरा. त्याने समोरचा खण उघडला. आत लिमलेटच्या गोळ्यांची पुडी, बायकी काळा चष्मा आणि घडी करून ठेवलेला जांभळा स्कार्फ.

शौकीन जोडपं दिसतंय कोणतरी, श्रीनाथ मनात म्हणाला आणि त्याला त्या अनोळखी माणसांचा हेवा वाटला. अशी माणसं गोव्यात आहेत तर! नाहीतर आमच्या घरी बघा, तीस-एकतीस वर्षांचा संसार आणि मधे टपालखातं.

"मालक कोण, काका?"

"नाव सांगू नको म्हणान सांगल्यानी आसा." धाकूने भिंतीच्या फटीतली प्लास्टिकची पिशवी काढून त्याच्या हातात दिली. "कागद मातर बघ. कागद बघूक नको म्हणान काय सांगूक नाय." आणि तो म्हशीला दावं बांधायला गेला.

श्रीनाथने त्यातून गाडीचं आरसी बुक काढलं. नाव वाचलं. परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्याने नावाखालचा पत्ता वाचला, घर नंबरासकट, आणि मग तो गाडीच्या दाराला धरून खाली बसला.

नाव गोकुळदास होतं. घर त्याचं स्वतःचं होतं.

दुसरा कोणी गोकुळदास असेल, असं त्याने स्वतःला सांगून बघितलं. पण पिशवीत विक्रीचा कागद होता आणि त्याच्यावर सही. खाली रेघ, रेघेखाली टिंब. हीच सही त्याच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं होत आली होती. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. अंगावर कोणी घागरभर थंड पाणी ओतावं तसं त्याला झालं. बॉनेटार बसतलीं काय म्हणून विचारणारा माणूस! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

मग त्याच्या डोक्यात दुसरा विचार आला आणि तो पहिल्याहून वाईट होता. सीटा दोन. खणात बायकी चष्मा. आई बिचारी देवळात बसलेली असते आणि बाबा...  त्याने तो जांभळा स्कार्फ उलगडला, कोणाचा आहे ते कळेल असं काहीतरी सापडेल म्हणून.

आणि सापडलं. एका कोपऱ्यात विणीतला धागा चुकला होता. हा धागा त्याने स्वतः कोल्हापूरच्या दुकानात दुकानदाराला दाखवून भाव कमी करून घेतला होता. पहिल्या पगारातून आईला आणलेला स्कार्फ. आई तेव्हा म्हणाली होती, "हांव खंय घालतलीं रे बाबू हें?" आणि पेटीत ठेवून दिला होता. पेटीतच आहे असं तो चार वर्षं समजत होता.

म्हणजे दुसरी सीट आईची.

हे कळून दुसऱ्या कोणालाही बरं वाटलं असतं. श्रीनाथला बरं वाटायला वेळच मिळाला नाही, कारण तो अजून आ वासून बसला होता. आई? जी स्कूटरवर बसायला घाबरते म्हणून बाजारात चालत जाते, ती? काळा चष्मा लावून? एकवेळ घरातली घडवंची उठून नाचली असती तर त्याने मानलं असतं.

खाली रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. सत्तावीस वर्षांचा, साखरपुडा झालेला, चाळीस माणसांच्या लॅबमध्ये मान असलेला श्रीनाथ बापाच्या चपलांचा आवाज ऐकून गवताच्या गंजीमागे जाऊन बसला. धाकू बघतच राहिला. श्रीनाथने तोंडावर बोट ठेवलं.

पायवाटेने दोघं येत होती. बाजारात आई बाबांच्या दहा पावलं मागून चालायची. इथे ती बरोबरीने चालत होती, त्यांच्या डाव्या बाजूला, आणि बोलत होती. नुसती बोलत नव्हती, बोलायची थांबतच नव्हती. विमलाच्या सुनेने काय केलं, विहिणीने साडीला काय नाव ठेवलं, अमकं नि तमकं. आणि मास्तर हसत होते. बाबांच्या वरच्या दातांत फट आहे, हे श्रीनाथला त्या दिवशी कळलं.

आईने त्यांचा दंड धरला होता. हे बघून तर श्रीनाथने डोळेच मिटून घेतले. पुन्हा उघडले, तेव्हा मास्तरांचा डावा पाय वाटेच्या कडेच्या करवंटीला लागला आणि ते धडपडले. करवंटी चांगली समोर पडलेली होती, आंधळ्यालाही दिसावी अशी. आईने दंड अजून घट्ट धरला. मग श्रीनाथच्या लक्षात आलं की तो दंड तिने लाडाने धरलेला नव्हता.

दोघं गाडीत बसली. मास्तर स्टिअरिंगवर, आई शेजारी. तिने स्कार्फ शोधला, तो खणाऐवजी सीटवर का पडलाय म्हणून क्षणभर थांबली, मग डोक्याला बांधला. काळा चष्मा लावला. गाडी मात्र सुरू झाली नाही. चावी धाकूच्या कनवटीला होती आणि ती कोणी मागितली नाही.

"खंयच्यान वचया?" मास्तरांनी विचारलं.

"न्हंयेच्या रस्त्यान. किल्ल्या कडल्यान."

मास्तरांनी स्टिअरिंग किंचित फिरवलं. मांगरात उभी असलेली गाडी तसूभर हलली नाही. समोर सुपाऱ्यांची पोती होती, आणि दोघं त्या पोत्यांकडे रस्त्याकडे बघावं तसं बघत होती.

"सवकास," आई म्हणाली. "वळण आयलें."

"पळयलें गो. वारें लागता मगो?"

"लागता. दाव्यान म्हस आसा, सांबाळात."

 मास्तरांचे हात स्टिअरिंगवरून हळूहळू खाली आले. "ती म्हस माका खरींच दिसूंक ना गो त्या दिसा," ते म्हणाले. "शिंग दाराक लागलें तेन्ना कळ्ळें."

"म्हणून तर सांगता. आतां पुरो."

"डॉक्टर म्हणटा काचबिंदू. मदलें दिसता, कुशीचें ना."

"आनी देवानय कौलांत दावी दिली. ना म्हटलें."

गवतामागे बसलेल्या श्रीनाथला सगळं एकदम कळलं. गाडी का विकायला काढली ते, दोन आठवडे बाबा पेपर डोळ्यांसमोर धरून पान का उलटत नव्हते ते. घरात एवढं मोठं काही चाललं होतं आणि टपाल नेणाऱ्याला एक ओळ वाचायला मिळाली नव्हती. त्याला भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडू आलं. दोन्ही एकत्र आली की माणूस शिंकतोसुद्धा नाही, नुसता बसून राहतो.

"गिरायक येवंक ना रे, धाकू?" मास्तरांनी हाक मारली.

धाकू मास्तरांचा पहिल्या नोकरीतला विद्यार्थी. हळर्णच्या शाळेत त्याने मास्तरांच्या हातची छडी खाल्ली होती आणि तेव्हापासून मास्तरांशी खोटं बोलणं त्याला शरीरानेच जमत नसे. त्याने श्रीनाथकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं, पंचा सारखा केला.

"मास्तरानु, गिरायक गवताफाटल्यान बसलेलो आसा."

श्रीनाथ उठला. केसांत गवत, हातात आरसी बुक. आईने "अगे बाय माझ्या!" म्हणत काळ्या चष्म्यासकट तोंड स्कार्फमध्ये लपवलं. मास्तर त्याला शोधत मान फिरवत राहिले आणि सापडल्यावर त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं:

"तुजी ड्युटी न्ही रे आज?"

"आनी तुमी देवाक न्ही?" श्रीनाथ म्हणाला.

 शेवटी धाकूलाच कळलं, गिऱ्हाईक कोण ते. "झील तुमचो?" एवढं म्हणून तो मटकन पोत्यावर बसला.

"दिवाळीत मला काय म्हणालात, बाबा?" श्रीनाथचा आवाज चढला. बापापुढे चढवायची पहिलीच वेळ. "घरची माणसं बॉनेटवर बसणार का, म्हणालात. आठ दिवस बोलला नाहीत. आणि अकरा वर्षं इथे..."

मास्तरांनी स्टिअरिंगवरून तळहात फिरवला. फळ्यावर चुकलेलं गणित पुसावं तसा.

"हेंच कोणी माका विचारलें आसतें तर माजे कडेन उत्तर नाशिल्लें," ते म्हणाले. "म्हणून तुका ओरडलों." मग एकदम मराठीत आले. जड काही बोलायचं असलं की ते मराठीत येत. "लग्न झालं तेव्हा घरात अकरा माणसं होती. वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी बोलायची रीत नव्हती. एकेक करून सगळी गेली, तू मोठा झालास, घर रिकामं झालं. वाटलं, आता बोलू. तोंड उघडेना. त्या घरात तिच्याशी काय बोलायचं तेच मला येत नव्हतं. मग ही गाडी बघितली. कोणी बाहेरगावचा माणूस विकून जात होता. दोनच सीटा. मधे कोण नाही, मागे कोण नाही. म्हटलं, इथे तरी बोलावंच लागेल."

"पयलीं तीन आयतार हे पुलांचीं नांवां सांगताले," आई स्कार्फमधून म्हणाली. "आनी कांयच ना."

श्रीनाथला हसू आलं आणि ते त्याला अजिबात यायला नको होतं. मास्तरांनी धाकूकडे हात पसरला, चावी घेतली आणि मुलापुढे धरली.

"घे. तुका जाय आशिल्ली. गिरायक मेळ्ळें, बरेंच जालें."

हवी होती ती गाडी हातात आली होती. सिद्धी, वारा, मागे विशाल नाही. श्रीनाथने चावी घेतली. बाबांचे रिकामे हात बघितले आणि म्हणाला, "मी चालवतो. चला, नदीपर्यंत फेरी मारून येऊ."

"वच, आवयक घेवन वच," मास्तर उतरायला लागले.

"म्हाका कित्याक? तुमी वचात ताच्या वांगडा," आई उतरायला लागली.

तेव्हा श्रीनाथच्या डोक्यात उजेड पडला आणि तो जागच्या जागी थबकला. सीटा दोन. तो चढला की एक उतरणार. या गाडीत तिसरा माणूस म्हणजे दुसरं कोण? विशाल! इतके महिने ज्याच्या नावाने बोटं मोडली तो विशाल आपणच होऊन बसलो होतो.

"आई," तो म्हणाला, "तू चालव."

एवढा वेळ धक्के फक्त श्रीनाथ खात होता. आता आईची पाळी आली. तिचा चष्मा नाकावरून घसरला. "हांव? पिसो जालो रे तूं?"

"अकरा वर्षं शेजारी बसून सवकास सवकास म्हणतेस. गियर कधी टाकायचा तुला माहीत नाही?"

"तिका सगळें खबर आसा," मास्तर हळूच म्हणाले. "माजे पयलीं तिका कळटा, आवाजा वयल्यान."

"आरे, पूण देवान दावी दिली!" आईने शेवटचं अस्त्र काढलं. "देवान ना म्हटल्यार हांव हात लायतलीं?"

हळर्णच्या देवळात कौल लावतात. देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या आणि गुरवाने गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न असो, घर असो, शेताचा बांध असो, देवाला विचारल्याशिवाय मास्तरांच्या घरात काही झालेलं नव्हतं. आणि देवाने दिलेली डावी फिरवायची कोणाची छाती नव्हती.

"देवाला तू नक्की काय विचारलंस?" श्रीनाथने विचारलं.

"कितें विचारतलीं? ह्यांनी फुडें गाडी चलोवची काय म्हणून विचारलें."

"मग देवाने ह्यांनाच नाही म्हटलं. तुला कुठे म्हटलं?"

आईने नवऱ्याकडे बघितलं. नवरा विचारात पडला होता. चौतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, त्याला हे खोडता येईना. "बरोबर आसा," मास्तर सावकाश म्हणाले. "विचारिल्ल्या प्रस्नाचीच जाप दिल्या देवान. दुसरो प्रस्न आमी विचारूंकच ना. ही चूक आमची." गाडी विकायला काढली, गिऱ्हाईक बोलावलं, दोन आठवडे दोघं मांगरात उभ्या गाडीत बसून आली, आणि देवाला अर्धंच विचारून!

चौघं चालत देवळात गेली. धाकूला कोणी बोलावलं नव्हतं, पण आता त्याला घरी बसवलं असतं तर त्याचा जीव गेला असता. गुरवाने पाकळ्या चिकटवल्या. काय विचारायचं ते मास्तरांनी सांगितलं, तेव्हा त्याने एकदा सुमंगलाबाईंच्या काळ्या चष्म्याकडे बघितलं आणि गाऱ्हाण्याला सुरुवात केली.

"बारा गावच्या देवा म्हाराजा, हें लेंकरूं तुज्या पायां कडेन आयलां..."

"व्हय म्हाराजा," धाकू म्हणाला.

"...हिणें गाडी हाकची काय ना, तें..."

उजवी पाकळी पडली. गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आधीच. गुरवाच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. श्रीनाथच्या अंगावर काटा आला. तो काही फार देवभोळा नव्हता. लॅबमध्ये बसून दगडातलं लोखंड मोजणारा माणूस, पण ती पाकळी त्याने पडताना बघितली.

"परत लायात," आई म्हणाली. "वाऱ्यान पडली आसतली."

परत लावली. परत उजवी.

"बाये," गुरव वैतागून म्हणाला, "देवाक दुसरीं कामां नात काय?"

सड्यावर कोणी नसतं. सपाट जांभा दगड, सुकलेलं गवत आणि वर आकाश. श्रीनाथने गाडी तिथवर नेली, आई-बाबा मागून चालत आले. लर्निंग लायसन्स काढल्याशिवाय रस्त्यावर चाक घालायचं नाही, असं त्याने आईकडून कबूल करून घेतलं. मग आई स्टिअरिंगवर बसली, मास्तर डाव्या सीटवर. श्रीनाथला बसायला जागाच नव्हती. तो दाराच्या बाजूने गाडीबरोबर धावू लागला.

"क्लच सोड. हळू! आता ॲक्सिलेटर. आई, पुढे बघ, माझ्याकडे नको!"

गाडी दोन गचके खाऊन चालायला लागली. वारा लागला. जांभळा स्कार्फ फडफडला. तांबडी धूळ श्रीनाथच्या नाकातोंडात गेली आणि तो मागे पडला. पुढे सड्याची कड जवळ येत होती, आणि आई स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून सरळ समोर बघत जात होती.

"सुमंगला!" मास्तर ओरडले. "सुमंगला, ब्रेक!"

गाडी कचकन थांबली आणि बंद पडली. कड अजून चांगली लांब होती. ब्रेक तिने कडेला घाबरून मारलाच नव्हता. एकतीस वर्षांत त्या माणसाने तिला नावाने हाक मारली नव्हती. अगो म्हटलं होतं, तिका सांग म्हटलं होतं, गाडीत बसूनसुद्धा नुसतं गो म्हटलं होतं. आई त्यांच्याकडे वळून बघत राहिली. मास्तर स्वतःच असे चकित झाले होते, की तोंडावर हात ठेवून बसले. धापा टाकत येणारा श्रीनाथ वीस पावलांवर उभा राहिला आणि पुढे गेला नाही. तिथे दोनच सीटा होत्या.

बऱ्याच वेळाने आईने मान वळवून त्याला हाक मारली. "शेनवारी गाडी रिकामी आसता रे. सिद्धीक घेवन यो."

संध्याकाळी डिचोलीच्या घरी विमला कुंपणावरून डोकावली. "पावलो गो देव?"

"पावलो," सुमंगलाबाई म्हणाल्या आणि तिच्या ओंजळीत प्रसादाची फुलं घातली. त्यांच्या कानामागे अजून तांबडी धूळ होती. मग त्यांनी रांधपघरातून चहाचे कप आणले आणि एक मास्तरांच्या पुढ्यात ठेवला, इतक्या जवळ की पदर त्यांच्या पेपराला लागला.

"श्रीनाथा," त्या म्हणाल्या, "बाबांक सांग, च्या थंड जाता."

श्रीनाथने दोघांकडे बघितलं. विमला कुंपणावर होतीच.

"बाबा," तो म्हणाला, "आई म्हणते, चहा थंड होतोय."

मास्तरांनी पेपर खाली ठेवला. "सांग तिका," ते म्हणाले, "आयताराक अजून सात दीस आसात."

श्रीनाथने तो निरोप अक्षर न बदलता पोचवला.